अरबी घोडा घ्यायचाय? पैदाशीपासून लांब पल्ल्याच्या तयारीपर्यंतची संपूर्ण माहिती

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या (ता. शहादा) यात्रेत भरणारा घोडेबाजार राज्यभर प्रसिद्ध आहे. तिथं मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचा बोलबाला असतो. पण अशा कुठल्याही बाजारात "याच्यात अरबी रक्त आहे" असं कुणी म्हटलं की घेणाऱ्याचे कान टवकारतात आणि भावही चढतो. अरबी घोडा नेमका ओळखायचा कसा, त्याची पैदास करताना काय तपासायचं आणि त्याला सवारीसाठी किती वर्षांनी तयार करायचं, हे माहीत नसेल तर पैसाही जातो आणि चांगलं जनावर वयाआधीच लंगडं होतं.

अरबी घोड्याची ओळख

अरबस्तानच्या वाळवंटात बेदुइन टोळ्यांनी ही जात जपली. कमी चारा, कमी पाणी आणि लांबचा प्रवास यात टिकेल तेच जनावर त्यांनी पुढच्या पिढीसाठी ठेवलं. उंची साधारण ५७ ते ६१ इंच आणि वजन ३६० ते ४५० किलो, म्हणजे शर्यतीच्या थरोब्रेडपेक्षा हा घोडा लहानच. कपाळ रुंद, नाकाच्या हाडाला आत वळलेला बाक, नाकपुड्या मोठ्या, पाठ आखूड आणि चालताना शेपूट उंच. अनेक अरबी घोड्यांत बरगड्यांच्या १८ ऐवजी १७ जोड्या आणि कमरेचे ६ ऐवजी ५ मणके आढळतात.

पण नुसत्या रूपावर जाऊ नये. शुद्ध अरबी घोडा वंशनोंदवहीत नोंदलेला असतो आणि त्याचे आईबाप डीएनए तपासणीने सिद्ध करता येतात. कागद नसेल तर तो 'अरबीसारखा दिसणारा' घोडा आहे, एवढंच समजावं आणि तेवढाच भाव द्यावा.

महाराष्ट्राशी जुनं नातं

अरबस्तान आणि इराणच्या आखातातून जहाजाने घोडे आणून चौल, दाभोळ आणि गोव्याच्या बंदरात उतरवण्याचा व्यापार शतकानुशतकं चालला. दख्खनच्या सुलतानांना आणि विजयनगरला घोडदळासाठी ही जनावरं लागत. पुढे इंग्रजांच्या काळात मुंबई ही अरबी घोड्यांची मोठी बाजारपेठ झाली. काठियावाडी घोड्यातही अरबी रक्त मिसळल्याचं जाणकार सांगतात.

हा घोडा कशासाठी?

दीड-दोन किलोमीटरच्या धावेत थरोब्रेड पुढे असतो. अरबी घोड्याचं खरं बळ लांब पल्ल्यात दिसतं. त्याच्या स्नायूंत हळू पण दीर्घकाळ काम करणाऱ्या तंतूंचं प्रमाण जास्त असतं. शरीर लहान आणि कातडी पातळ असल्याने अंगातली उष्णताही लवकर बाहेर पडते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातली टेव्हिस कप ही स्पर्धा याचं ठळक उदाहरण. १९५५ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत सिएरा नेवाडा डोंगररांगेतून १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर, २४ तासांत पार करायचे असतात. पहिल्या येणाऱ्यांत वर्षानुवर्षं अरबी घोड्यांचंच वर्चस्व आहे. तरीही निघालेल्यांपैकी साधारण निम्मेच घोडे शेवटपर्यंत पोहोचतात. बाकीचे थकव्यामुळे, लंगडण्यामुळे किंवा वेळ संपल्यामुळे बाद होतात. रक्त अस्सल असलं म्हणून पल्ला आपोआप पार होत नाही, तयारी लागतेच.

पैदास: आधी तपासणी, मग जोडी

अरबी घोड्यात काही आनुवंशिक आजार आहेत. त्यातला सर्वांत घातक एससीआयडी. यात शिंगराला रोगप्रतिकारशक्तीच नसते. जन्मताना ते ठणठणीत दिसतं, पण आईच्या चिकातून मिळालेलं संरक्षण ओसरलं की न्यूमोनियासारखे आजार जडतात आणि पाच-सहा महिन्यांच्या आत ते दगावतं. यावर व्यवहार्य इलाज नाही. मेंदूच्या दोषामुळे तोल जाणं (सीए) आणि फिकट जांभळट रंगाचं, उभंच न राहू शकणारं शिंगरू जन्मणं (एलएफएस), हे आणखी दोन दोष.

दोष वाहणारा घोडा वरून पूर्ण निरोगी दिसतो. वळू घोडा आणि घोडी दोघंही वाहक असतील तर प्रत्येक वेळी शिंगरू बाधित निघण्याची शक्यता २५ टक्के. दोघांपैकी एक जरी दोषमुक्त असेल तर बाधित शिंगरू जन्मत नाही. म्हणून घोडी भरवण्याआधी दोघांच्या केसांची किंवा रक्ताची जनुकीय तपासणी करून घ्यावी. अकरा महिने सांभाळून हाती मेलेलं शिंगरू येण्यापेक्षा तपासणीचा खर्च केव्हाही परवडतो.

दिवस मोठे होऊ लागले की घोडी नियमित माजावर येते. माजाचं चक्र साधारण २१ दिवसांचं असतं आणि माज पाच ते सात दिवस टिकतो. गाभण काळ सुमारे ३४० दिवसांचा. व्यायल्यावर तीन गोष्टी घड्याळ लावून पाहाव्यात: शिंगरू एका तासात उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत प्यायला लागलं पाहिजे आणि तीन तासांत घोडीची वार पडली पाहिजे. यातलं एकही चुकलं तर सकाळ होण्याची वाट न पाहता पशुवैद्यकाला बोलवावं. वार हाताने ओढू नये.

वयाप्रमाणे तयारी

सर्वांत जास्त नुकसान होतं ते इथं. दोन वर्षांचं शिंगरू अंगाने भरलेलं दिसतं, म्हणून त्याच्यावर खोगीर चढवून पळवलं जातं. पण गुडघ्याजवळची हाडं अडीच वर्षांच्या आसपास पक्की होतात आणि पाठीच्या मणक्यांना पाच-सहा वर्षं लागतात. दम काही महिन्यांत वाढतो, स्नायूही लवकर भरतात. शिरा-स्नायुबंधांना वर्षभर आणि हाडांना त्याहून जास्त वेळ लागतो. त्यामुळे घोड्याला पळावंसं वाटतं, पण पाय तयार नसतात.

* जन्म ते १ वर्ष: माणसाचा हात, मोरखी, खूर उचलू देणं, खरारा. पाच-सहा महिन्यांनी दूध तोडणं.
* १ ते २ वर्षं: मोकळं कुरण, हाताशी धरून चालवणं. गोल फिरवण्याचा अतिरेक टाळावा, सांध्यांवर ताण येतो.
* ३ वर्षं: खोगीर आणि लगामाची ओळख. वर्षाच्या अखेरीस हलका स्वार, थोडा वेळ, बहुतेक कदम चालच.
* ४ वर्षं: तासभर कदम आणि दुडकी, मऊ वाटेवर.
* ५ वर्षं: हळूहळू २० ते ४० किलोमीटर, वेग न वाढवता.
* ६ वर्षं आणि पुढे: स्पर्धेचा विचार. टेव्हिस कपमध्ये सहा वर्षांखालचा घोडा चालत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत १६० किलोमीटरसाठी किमान वय ८ वर्षं आहे.

एका आठवड्यात अंतर तरी वाढवावं किंवा वेग तरी, दोन्ही एकदम नको. मोठ्या पल्ल्यानंतर विश्रांतीचे दिवस द्यावेत. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नसावं. ४०० किलोच्या घोड्यावर सगळं मिळून ८० किलो.

नाडी खोटं बोलत नाही

लांब पल्ल्याच्या स्पर्धेत ठरावीक टप्प्यावर पशुवैद्यक घोडा तपासतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ठरलेल्या वेळेत नाडी मिनिटाला ६४ किंवा खाली यावी लागते, नाहीतर घोडा बाद. हिरड्यांचा रंग, कातडी ओढून पाण्याची कमतरता, पोटाचे आवाज आणि दुडकीत लंगड हेही पाहतात. सर्वांत आधी पोहोचलेला घोडाही यात नापास झाला तर त्याचा क्रमांक जातो.

हे घरी करणं सोपं आहे. जबड्याखालच्या शिरेवर बोटं ठेवून किंवा डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावून १५ सेकंद ठोके मोजायचे आणि चारने गुणायचं. १६ ठोके म्हणजे ६४. विसाव्यातल्या घोड्याची नाडी साधारण २८ ते ४४ असते. आणखी एक चाचणी: विसाव्यानंतर नाडी मोजा, ४० मीटर दुडकीने नेऊन परत आणा आणि निघाल्यापासून एक मिनिट झालं की पुन्हा मोजा. ठोके चार किंवा जास्तने वाढलेले दिसले तर त्या दिवशी घोडा पुढे नेऊ नये.

चंदी, पाणी आणि मीठ

४०० किलोच्या घोड्याला रोज सहा ते आठ किलो कोरडा चारा हवा. चंदी काम वाढेल तशी वाढवावी, तीही दोन-तीन वेळा विभागून. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे एकदम जास्त दाणा दिला तर पोटशूळ जिवावर बेततो. कोंबडी खाद्य घोड्याला चुकूनही देऊ नये. त्यात मिसळलं जाणारं मोनेन्सिन हे औषध घोड्याच्या हृदयाला विषासारखं आहे.

उन्हात मेहनत करताना घोडा तासाला १० ते १५ लिटर घाम गाळू शकतो आणि त्यासोबत बरंच मीठ जातं. त्यामुळे पाण्याबरोबर मीठही हवं. तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतलं की तो आखडतो, असा समज गावोगावी आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकआधी झालेल्या अभ्यासांत मात्र गार पाण्याचा सतत मारा हाच अंग उतरवण्याचा उत्तम उपाय ठरला. पाणी ओतावं, निथळून काढावं, पुन्हा ओतावं.

घेण्याआधी हे पाहा

* वंशाचे कागद आणि डीएनए अहवाल
* दातांवरून वय, विक्रेत्याच्या तोंडी शब्दावरून नव्हे
* कडक जमिनीवर सरळ दुडकी: मान खाली-वर होत असेल तर लंगड
* ग्लँडर्सची तपासणी. हा आजार माणसालाही होतो आणि त्याची माहिती शासनाला देणं कायद्याने बंधनकारक आहे
* सर्रा रोगासाठी रक्ततपासणी आणि धनुर्वाताची लस

तीन वर्षांचं चांगलं शिंगरू आज घेतलं तर स्पर्धेचं मैदान दिसायला किमान आणखी तीन वर्षं लागतील. तेवढी वर्षं चारा, नालबंद आणि पशुवैद्यकाचा खर्च पेलणार असेल, तरच व्यवहाराला हात घालावा.