दिव्यांगांना वापरता येईल अशी वेबसाइट: काय तपासावे, काय बदलावे

सिरोंचा ते गडचिरोली हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पावसाळ्यात रस्ता बंद पडला तर तेवढेही जमत नाही. शिष्यवृत्ती, निराधार पेन्शन, दिव्यांगांचे यूडीआयडी कार्ड, बँकेचे केवायसी, हजचा अर्ज ही कामे आता ऑनलाइन होतात. ज्यांना चालता-फिरता येत नाही किंवा दिसत नाही, त्यांना याचा सर्वांत जास्त फायदा व्हायला हवा. पण वेबसाइट बनवणाऱ्याने त्यांचा विचारच केलेला नसेल, तर अंध माणसाला आपला आधार नंबर, पासबुक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी सेंटरवरच्या मुलाच्या हातात द्यावा लागतो. मुलगा प्रामाणिक असला तर ठीक, नाहीतर काय होईल हे सांगायला नको.

2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग मोजले गेले. त्यात महाराष्ट्रातले 29 लाखांहून अधिक. तेव्हाची व्याख्या छोटी होती. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकार आले. त्यातले दोन आपल्या भागाशी थेट संबंधित आहेत: सिकलसेल आणि कुष्ठरोगातून बरे झालेले लोक. सिकलसेलच्या रुग्णाला दुखणे उठले की रांगेत उभे राहणे शक्य नसते. कुष्ठरोगाने बोटे बधिर किंवा आखूड झाली असतील तर मशीनवर अंगठा उमटत नाही, आणि मोबाइलवरचे बारीक बटणही दाबले जात नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी 1949 मध्ये आनंदवन सुरू केले ते कुष्ठरोग्यांसाठी. तिथेच पुढे अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळा झाल्या. म्हणजे हा प्रश्न मुंबई-पुण्याचा आहे असे समजू नका.

अंध माणूस मोबाइल कसा वापरतो, हे आधी बघू या. त्याच्या फोनवर स्क्रीन रीडर चालू असतो. अँड्रॉइडमध्ये त्याला टॉकबॅक म्हणतात, आणि तो बहुतेक फोनमध्ये आधीपासून असतो. कॉम्प्युटरसाठी एनव्हीडीए हा मोफत प्रोग्राम आहे. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने त्याचे काम सुरू केले. हा स्क्रीन रीडर पडद्यावरची अक्षरे मोठ्याने वाचतो. फोटोत लिहिलेली अक्षरे मात्र त्याच्या भरवशाची नसतात. आपल्याकडे सगळी गडबड इथेच होते.

रमजानचे वेळापत्रक, जनाज्याची सूचना, मदरशाच्या प्रवेशाची जाहिरात, रक्तदान शिबिर, सगळे पोस्टर म्हणून येते आणि तसेच वेबसाइटवर चढते. हिरव्यावर सोनेरी अक्षरे, कोपऱ्यात फोन नंबर. स्क्रीन रीडर फक्त ‘चित्र’ म्हणतो आणि पुढे जातो. चित्राला पर्यायी मजकूर देण्याची सोय प्रत्येक वेबसाइटमध्ये असते, पण तिथे नुसते ‘रमजान टाइमटेबल’ लिहून उपयोग नाही. सहेरी आणि इफ्तारच्या वेळा खाली साध्या तक्त्यात टाइप करा. पोस्टर ठेवायचे तर खुशाल ठेवा. दुसरा फायदा असा की पोस्टर दोन-दोन एमबीचे असते आणि तक्ता काही केबीचा. भामरागड, एटापल्लीकडे जिथे नेटवर्कची एकच काडी असते, तिथे तक्ता उघडतो, पोस्टर फिरतच राहते.

जुन्या फॉन्टचा त्रास अजून संपलेला नाही. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये आतली अक्षरे इंग्रजी असतात, वरून फक्त देवनागरी रूप दिलेले असते. ‘भारत’ लिहिलेले आपल्याला दिसते. स्क्रीन रीडर मात्र ‘एच, के, के, जे, आर’ वाचतो. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच हवा. उर्दूत इनपेजवर टाइप करून त्याचा फोटो टाकण्याची सवय आहे, तिचेही तेच. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नमूद करायला वेबसाइट बनवणाऱ्याला सांगा. ती इंग्रजी लिहिलेली असेल तर इंग्रजी आवाज मराठी वाचायला जातो, नाहीतर गप्प बसतो. मध्ये उर्दू मजकूर किंवा अरबी आयत असेल तर तेवढ्या भागाची भाषा आणि उजवीकडून डावीकडची दिशा वेगळी नोंदवावी लागते.

डोळस माणूस पानावरून नजर फिरवतो. अंध माणूस मथळ्यांवरून उड्या मारत जातो. एनव्हीडीएमध्ये त्यासाठी एकच कळ असते. पण मथळा म्हणून नुसती अक्षरे ठळक केली असतील तर ती उडी बसत नाही. मथळ्याची खरी खूण द्यावी लागते. तसेच लिंक. पानावर दहा ठिकाणी ‘इथे क्लिक करा’ असेल तर ऐकणाऱ्याला काय कळणार? ‘शिष्यवृत्तीचा अर्ज उघडा’ असे लिहा.

रंगांबद्दल नियम आहे: अक्षरे आणि मागचा रंग यांच्यातला फरक किमान 4.5 ला 1 असावा. पांढऱ्यावर फिकट हिरवे त्यात बसत नाही, आणि आपल्या आजी-आजोबांनाही ते वाचता येत नाही. व्हिडिओखाली अक्षरे द्या, म्हणजे कर्णबधिरांना बयान कळेल. बटण किमान 24 पिक्सेल रुंद आणि तेवढेच उंच असावे, असे जागतिक मार्गदर्शक तत्त्वांच्या 2023 च्या आवृत्तीत आहे. त्याहून मोठे केले तर बोटांचा त्रास असलेले दुवा देतील.

सर्वांत जास्त माणसे अडतात ती फॉर्मवर. रकान्याला नाव जोडलेले नसते, स्क्रीन रीडर नुसते ‘एडिट बॉक्स’ म्हणतो. चूक झाली की रकाना लाल होतो, पण काय चुकले ते अक्षरांत कुठेच नसते. वाकडीतिकडी अक्षरे ओळखायचा कॅप्चा येतो, त्याला आवाजाचा पर्याय नसतो. ओटीपी टाकेपर्यंत वेळ संपते.

हे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या प्रज्ञा प्रसून 2023 मध्ये बँकेत खाते उघडायला गेल्या, तर केवायसीसाठी पापणी मिचकवून दाखवा असे सांगण्यात आले. ते त्यांना शक्यच नव्हते. त्यांची आणि अमर जैन या दृष्टिहीन अर्जदाराची याचिका एकत्र ऐकून कोर्टाने 30 एप्रिल 2025 रोजी निकाल दिला: डिजिटल सेवा मिळणे हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. सोबत सरकार आणि नियामकांना 20 निर्देश दिले. त्याआधी 8 नोव्हेंबर 2024 ला राजीव रतुरी खटल्यात कोर्टाने म्हटले होते की सुगमतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, बंधनकारक नियम करा. सरकारी वेबसाइटसाठी 2009 पासून मार्गदर्शक तत्त्वे आहेत, तिसरी आवृत्ती 2023 ची. 2016 च्या कायद्याचे कलम 46 खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू होते. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी 10 हजारांपर्यंत दंड, पुढे 50 हजार ते 5 लाख. तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी करता येते. कोणते पान, कोणती तारीख, कुठे अडले, हे लिहा आणि स्क्रीनचा फोटो जोडा.

काही जण वेबसाइटवर अक्षर लहान-मोठे करण्याचे तयार बटण लावून देतात आणि काम झाले म्हणतात. माझ्या मते तो पैसा वाया जातो. आतल्या फॉर्मला नावेच नसतील तर त्या बटणाने ती येत नाहीत.

आपली संस्था, शाळा किंवा दुकानाची वेबसाइट तपासायची असेल तर माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅबची कळ दाबत फॉर्म भरून बघा. कुठे आहोत ते दिसते का? अडकलो का? मग फोनच्या सेटिंगमधून टॉकबॅक चालू करा, पडदा झाकून घ्या. उजवीकडे बोट सरकवले की पुढची गोष्ट वाचली जाते, दोनदा टिचकी मारली की उघडते. पाच मिनिटांत निम्म्या चुका सापडतील. उरलेल्यांसाठी स्क्रीन रीडर रोज वापरणारा माणूस शोधा, त्याच्याकडून तपासून घ्या आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. सुरुवात फोन नंबरापासून करा: तो पोस्टरमधून काढून अक्षरांत टाकायला वेबसाइटवाल्याला फार तर पाच मिनिटे लागतात.