पूररेषेची साक्ष

पुराची खूण हा ऐतिहासिक पुरावा होय. मात्र तो तोलूनच घेतला पाहिजे, असें आमचें मत आहे. सांगलीस कृष्णेवर आयर्विन पूल १९२९ सालीं बांधून पुरा झाला. तेथें ४५ फूट ही धोक्याची पातळी होय. २००५ सालीं पाणी ५३, २०१९ सालीं ५७ व २०२१ सालीं ५४ फुटांच्या वर चढलें.

परंतु पातळी म्हणजे प्रवाह नव्हे. पात्राच्या छेदाचें क्षेत्रफळ व पाण्याचा सरासरी वेग यांच्या गुणाकारानें प्रवाह निघतो. पात्र संकोचलें, कीं तितकेंच पाणी अधिक उंच चढतें.

‘शंभर वर्षांचा पूर’ शतकांतून एकदांच येतो, हा समजही भ्रामक होय. त्याचा संभव दरवर्षीं शेंकडा १ असतो. म्हणजे ३० वर्षांत तो एकदां तरी येण्याचा संभव सुमारें शेंकडा २६ होतो. हें गणित जुन्या नोंदींवरच उभें असतें. नोंदी तुटपुंज्या, तर अनुमानही लंगडें. सबब घाटाच्या पायरीवरील खूण आणि दप्तरांतील पुराची नोंद तिथिवारासह टिपून ठेवणें, हें आम्ही संशोधकांचें कर्तव्य समजतों. नदीकांठीं घर कोठें बांधावें, याचा निर्णय त्यावर अवलंबून आहे.