उन्हाच्या वाटेवरचे औषध

औषध शोधून काढणे हे एक काम आणि ते उन्हातान्हातून रोग्यापर्यंत धडपणे पोचवणे हे दुसरे. या दुसऱ्या कामाचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही.

देवीची लस जेन्नरने 1798 साली जगापुढे मांडली. आपल्याकडे यायला तिला चार वर्षे लागली, कारण दोऱ्यावर वाळवून धाडलेली लस वाटेतल्या उष्म्याने निकामी होई. अखेर बगदाद-बसऱ्यामार्गे ती मुंबईत आली आणि 14 जून 1802 रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लागू पडली. बर्फ कुठला त्या काळी! तिच्या दंडावरच्या फोडातली लस दुसऱ्या मुलांना, त्यांच्याकडून पुढच्यांना, अशी दंडोदंडी ती देशभर गेली. माणसाचे अंग हीच तिची पेटी.

पुढे 1833 साली बोस्टनहून गलबतातून कलकत्त्याला बर्फ आला; पण तो आला साहेबांच्या पेल्यांसाठी.

इन्सुलिन 1921 साली टोरोंटोत सापडले. जानेवारी 1922 मध्ये ते चौदा वर्षांच्या एका मुलाला टोचले. त्याआधी मधुमेह झालेले लहान मूल बहुधा वर्ष-दोन वर्षांतच जाई. पण हे औषधही नाजूक. अंड्यातला पांढरा भाग उष्णतेने एकदा घट्ट झाला की पुन्हा पातळ होत नाही. इन्सुलिनही त्याच जातीचे, प्रथिन आहे. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवावी. वापरातली बाटली 25 ते 30 अंशांपर्यंत साधारण चार आठवडे टिकते. नेमके काय ते वेष्टनावर पाहावे.

आता आपल्या किनाऱ्याची गोष्ट. देशावर ओल्या मडक्यात गारवा चांगला धरतो. अलिबाग-मुरुडकडे हवाच दमट; अंगावरचा घाम वाळत नाही, तिथे मडके तरी कितीसे निवणार? म्हणून कोणी मासळीच्या बर्फातच बाटली खुपसतो. ती तर मोठीच चूक! गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वाया गेले, दिसायला ते स्वच्छ असले तरीही.

तेव्हा रेवसची लाँच असो की गोव्याच्या हमरस्त्यावरची एसटी, रुंद तोंडाच्या थर्मासात तळाशी बर्फ ठेवा, वर जाड फडक्याची घडी घाला आणि तिच्यावर बाटली ठेवा. पिशवी टपावर किंवा उन्हातल्या मोटारीत टाकू नका, मांडीवर घ्या.

शिक्षकबंधुभगिनींनो, सहलीला निघताना अशा मुलाचा थर्मास दप्तरांच्या ढिगात जाऊ देऊ नका, तुमच्या हाती ठेवा. 1802 साली लस माणसांनी आपल्या अंगावरून वाहून नेली. आपल्याला तर नुसती एक बाटली सांभाळायची आहे.