इंटरव्हल ट्रेनिंग म्हणजे काय? भरतीचा सराव करताना हृदयाचे ठोके असे मोजा

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. त्यासाठी पहाटे शाळेच्या मैदानावर, डांबरी रस्त्यावर, कॅनॉलच्या कडेने पोरं-पोरी पळताना दिसतात. बऱ्याच जणांचा सराव एकच असतो, रोज पूर्ण अंतर आणि रोज पूर्ण जोर. दम वाढवण्याची याहून चांगली आणि जुनी पद्धत आहे. थोडं जोरात पळायचं, मग चालत दम घ्यायचा, परत पळायचं. यालाच इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात. यात पळण्याइतकंच महत्त्व मधल्या विश्रांतीला आहे.

ठोके कमी-जास्त कशाने होतात?

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. प्रत्येक ठोका तिथून सुटतो. त्याच्यावर दोन प्रकारच्या नसांचा ताबा असतो. बैलगाडीच्या भाषेत सांगायचं तर एक आसूड आणि दुसरा कासरा. सिंपथेटिक नसा ठोके वाढवतात, व्हेगस नस ते आवरून धरते. पळायला लागलं की आधी कासरा सैल सुटतो, मग आसूड चालतो. थांबलं की कासरा पुन्हा आवळला जातो.

बसल्या जागी निरोगी मोठ्या माणसाचे ठोके मिनिटाला ६० ते १०० असतात. कसलेल्या धावपटूंचे ४० ते ६० सुद्धा असतात. पण थांबल्यावर ठोके किती लवकर उतरतात, हेही तितकंच बोलकं आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी २४२८ जणांच्या ट्रेडमिल तपासणीचा अभ्यास १९९९ मध्ये मांडला. जोराचा व्यायाम संपल्यावर पहिल्या मिनिटात ज्यांचे ठोके १२ किंवा त्याहून कमीच उतरले, त्यांच्यात पुढच्या सहा वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं.

पद्धत आली कुठून?

जर्मनीत प्रशिक्षक वोल्डेमार गेर्श्लर आणि हृदयाचे डॉक्टर हर्बर्ट राइंडेल यांनी ही पद्धत बसवली. पळताना ठोके १८० च्या आसपास न्यायचे आणि १२० वर उतरले की पुढची फेरी सुरू करायची. दीड मिनिटात ते तेवढे उतरले नाहीत तर जोर किंवा अंतर कमी करायचं. गेर्श्लर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये मिलान इथे ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पार केलं. तो जागतिक विक्रम १६ वर्षं टिकला.

हृदयात काय बदल होतो?

सराव नसलेलं हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त फेकतं. मिनिटाला ७० ठोके धरले तर जवळपास ५ लिटर होतात. नियमित सरावाने शरीरात रक्ताचं प्रमाण वाढतं, हृदयाचा कप्पा जास्त भरतो आणि जोरात आवळतो. मग एका ठोक्याला १०० मिलिलिटर गेलं, तर तेच ५ लिटर ५० ठोक्यांत भागतात. मिनिटाला नुसते १० ठोके वाचले तरी दिवसाला १४,४०० ठोक्यांचं काम कमी होतं.

हृदयाच्या रुग्णांवरही याचा अभ्यास झाला. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम इथे २००७ मध्ये हृदय कमकुवत झालेल्या २७ रुग्णांचा १२ आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं सावकाश असं चार वेळा चालणाऱ्यांची ऑक्सिजन वापरायची क्षमता ४६ टक्क्यांनी वाढली. एकसारखं मध्यम वेगाने चालणाऱ्यांची १४ टक्क्यांनी वाढली. मात्र २०१७ मध्ये युरोपातल्या नऊ केंद्रांत २६१ रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात दोन्ही पद्धतींत असा फरक दिसला नाही. म्हणून हृदयाचा त्रास असलेल्यांनी मनाने जोराचा व्यायाम करू नये. त्यांना रोजचं भरभर चालणंही फायद्याचंच आहे.

सराव कसा करायचा?

- आधी १० मिनिटं चालणं आणि हलकं पळणं. शेवटी ५ मिनिटं चालत अंग थंड करणं.
- नवख्यांनी १ मिनिट जोरात आणि २ मिनिटं चालणं, अशा ६ फेऱ्या.
- सराव असलेल्यांनी ४०० मीटरच्या ४ ते ६ फेऱ्या. नाडी १२० वर आल्याशिवाय पुढची फेरी नाही.
- असा सराव आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान एक-दोन दिवस सोडून. बाकीचे दिवस बोलता येईल इतक्या वेगाने पळणं, आणि एक दिवस पूर्ण आराम.

नाडी मोजायला घड्याळ पुरतं, महागडा बँड लागत नाही. अंगठ्याच्या बाजूने मनगटावर दोन बोटं ठेवून १० सेकंद ठोके मोजा आणि ६ ने गुणा. १० सेकंदांत २० आले म्हणजे १२०. जास्तीत जास्त ठोक्यांचा ढोबळ अंदाज २२० वजा वय असा काढतात. वीस वर्षांच्या पोराचा २००, पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचा १७५. म्हणजे बापाने पोराच्या आकड्यावर पळायचं नाही. बीपीच्या काही गोळ्यांनी ठोके मुळातच दबलेले असतात, तिथे हा हिशोब लागू होत नाही.

सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजून वहीत लिहा. काही आठवड्यांनी आकडा उतरायला लागला तर सराव लागू पडतोय. सलग दोन-तीन दिवस नेहमीपेक्षा ८-१० ठोके जास्त आले, तर शरीर थकलंय असं समजून आराम करा.

हे दिसलं तर लगेच थांबा

भरतीच्या मैदानात धावताना तरुण कोसळल्याच्या बातम्या येतात. काहींच्या हृदयाची भिंत जन्मजात दोषाने जाड असते आणि घरात कुणाला पत्ता नसतो. पळताना छातीत दुखलं, चक्कर किंवा अंधारी आली, ठोके वेडेवाकडे पडले तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा पळू नका. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर सराव सुरू करण्याआधीच तपासणी आणि ईसीजी करून घ्या. तापात आणि तापातून उठल्यावर लगेच जोर लावू नका, त्या दिवसांत हृदयाला सूज असू शकते. भर उन्हातलं पळणं टाळा.

कुणी कोसळला, हाक मारून उठत नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर पाणी पाजत बसू नका. एकाने १०८ ला फोन करा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने जोरात दाबायला सुरुवात करा. गाडी येईपर्यंत थांबू नका. दमलात तर दुसऱ्याला बसवा. पहाटे मैदानावर जमणाऱ्या प्रत्येक ग्रुपमध्ये हे किमान दोघांना तरी येत असलं पाहिजे.