तिसऱ्या वर्गाचा डबा

इंग्लंडमधील यॉर्क शहराच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात राणी व्हिक्टोरियाचा १८६९ सालचा शाही डबा आहे. आत रेशीम आहे, गाद्यागिरद्या आहेत, सोनेरी नक्षी आहे. तो टिकला यात नवल नाही. राणीचा डबा मोडीत काढायची हिंमत कोण करणार? पण त्याच काळात त्याच रुळांवरून गिरणीतले मजूर, घरकाम करणाऱ्या बायका, सुट्टीवर घरी निघालेले शिपाई आणि बाजाराला जाणारे शेतकरी लाखोंच्या संख्येने प्रवास करत होते. त्यांच्या डब्यांचे काय झाले? हा प्रश्न इतिहासाच्या पाठ्यपुस्तकाने फारसा विचारला नाही. तो विचारला सुट्टीच्या दिवशी जुने कपडे घालून करवत आणि रंगाचा ब्रश हातात घेणाऱ्या स्वयंसेवकांनी. आजचा लेख त्यांच्याविषयी आणि त्यांनी वाचवलेल्या डब्यांविषयी आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. रेल्वे सुरू झाली तेव्हा गरिबाला प्रवासी मानायला रेल्वे कंपन्या फारशा तयार नव्हत्या. त्याला छप्पर नसलेल्या उघड्या वाघिणीत बसवले जाई, तेही बऱ्याचदा मालगाडीला जोडून. २४ डिसेंबर १८४१ रोजी पहाटे लंडनहून निघालेली अशीच एक गाडी सॉनिंग येथील खोदाईत, पावसाने कोसळलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावर आदळली. इंजिन आणि मालाचे डबे यांच्यामध्ये तिसऱ्या वर्गाच्या वाघिणी होत्या. त्यांच्या कडा इतक्या बुटक्या होत्या की माणसे बाहेर फेकली गेली. नऊ जणांचा जीव गेला. प्रवाशांत बरेच गवंडी आणि पाथरवट होते. ब्रिटिश संसदेच्या नव्या इमारतीचे काम करून ते नाताळसाठी घरी चालले होते. ज्यांनी कायदेमंडळाची इमारत उभारली, त्यांच्या डोक्यावर प्रवासात साधे छप्पर असावे असा कायदा तोवर झाला नव्हता.

तो झाला १८४४ साली. ग्लॅडस्टन व्यापार मंडळाचे अध्यक्ष असताना आलेल्या या कायद्याने कंपन्यांना बांधून घेतले: दररोज निदान एक गाडी गरिबांसाठी हवी, भाडे मैलाला एक पेनीपेक्षा जास्त नको, थांबे धरून वेग ताशी १२ मैलांपेक्षा कमी नको, बसायला आसन हवे आणि ऊन-पावसापासून संरक्षण हवे. कंपन्यांनी कायदा पाळला, पण कुरकुरत. डब्याला छप्पर आले, बाकडे मात्र कठीण लाकडाचे राहिले. १८७२ मध्ये मिडलँड रेल्वेने तिसऱ्या वर्गाला आपल्या सर्व गाड्यांत प्रवेश दिला. १८७५ पासून तिने दुसरा वर्गच बंद केला आणि तिसऱ्या वर्गाला गादीचे आसन दिले. इतर कंपन्यांना तो वेडेपणा वाटला. पण पैसा याच प्रवाशाच्या खिशातून येतो, हे हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आले.

ही सारी कहाणी कागदावर वाचता येते. पण ती डब्यात बसून समजते तशी कागदावर समजत नाही. आणि बसण्यासाठी डबा तर उरला पाहिजे!

वाफेच्या इंजिनावर प्रेम करणारे पुष्कळ असतात. ते धूर सोडते, शिट्टी मारते, मुले त्याच्याकडे धावतात. ब्रिटनमध्ये वाफेचे युग संपले तेव्हा वेल्समधील बॅरी येथील एका भंगारवाल्याच्या आवारात शेकडो इंजिने वर्षानुवर्षे उभी राहिली आणि त्यांतली दोनशेहून अधिक हौशी मंडळींनी विकत घेऊन वाचवली. लाकडी डब्यांच्या नशिबी हे नव्हते. लाकडाला भंगारात किंमत नाही. म्हणून सरळ डबा पेटवून द्यायचा, लाकूड जळून गेले की राखेतले लोखंड आणि पितळ गोळा करायचे, अशी पद्धत होती. हजारो डबे असे जळाले.

जे वाचले त्यांतले बरेच गरिबीमुळेच वाचले, असे म्हटले तर चूक नाही. रेल्वे कंपन्या जुन्या डब्यांची चाके आणि लोखंडी सांगाडा काढून घेत आणि वरचे लाकडी खोके स्वस्तात विकत. कुणी त्यात कोंबड्या पाळल्या, कुणी शेतातली अवजारे ठेवली. घर बांधायला पैसे नसलेल्यांनी त्याचेच घर केले. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर शोरहॅम, सेल्सी या भागांत अशा डब्यांची वस्तीच उभी राहिली. पुढे घरमालकांनी त्यावर कौले टाकली, बाहेरून भिंती घातल्या. पन्नास-साठ वर्षांनी घर पाडायला घेतले की आतून अख्खा डबा निघे. दारावर वर्गाचा आकडा, खिडकीचा चामडी पट्टा, कधी मूळ रंगसुद्धा!

स्वयंसेवकांचे काम इथून सुरू होते. या चळवळीचा आरंभ वेल्समधील टॅलिलिन या छोट्या रेल्वेवर झाला असे मानतात. मालक वारल्यावर बंद पडायला आलेली ही रेल्वे १९५१ साली स्वयंसेवकांनी चालवायला घेतली. जगात असे पहिल्यांदाच घडत होते. तिचे १८६० च्या दशकातील मूळ डबे आजही धावतात. पाठोपाठ १९६० मध्ये ससेक्स परगण्यात ब्लूबेल रेल्वे सुरू झाली. तिच्या हॉर्स्टेड कीन्स स्थानकाजवळ डबे दुरुस्तीची कार्यशाळा आहे. काही पगारी कारागीर सोडले तर इथली मदार स्वयंसेवकांवरच आहे. अशा कार्यशाळांमध्ये निवृत्त अभियंता आणि शाळामास्तर शेजारी उभे राहून एकाच दाराला पॉलिशकागद घासताना दिसतात.

ब्लूबेलने १९६१ साली लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेचे काही डबे मिळवले. ते १८९८ ते १९०० या काळात बांधलेले होते आणि चेशम या गावाच्या फाट्यावर शेवटपर्यंत धावत होते. तिथे विजेच्या गाड्या आल्या आणि हे निवृत्त झाले. ब्लूबेलवर काही वर्षे चालून तेही थकले, उघड्यावर पडून कुजू लागले. त्यांना पुन्हा उभे करायला स्वयंसेवकांची किती वर्षे गेली असतील, याचा अंदाज असा करा: १९६० च्या दशकात बाजूला ठेवलेल्या या डब्यांतील चार डबे काही दशकांनंतरच पुन्हा एकत्र धावू लागले. जानेवारी २०१३ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेला १५० वर्षे पूर्ण झाली, तेव्हा वाफेच्या इंजिनामागून हेच डबे पुन्हा त्या भुयारात शिरले.

हे काम नुसत्या सुतारकीचे नाही. आधी रंगाचे थर एकेक करून खरवडायचे. प्रत्येक थर म्हणजे एकेक मालक, एकेक कालखंड. खाली जुना क्रमांक सापडला की डब्याची ओळख पटते. कुजलेला ओक काढून नवा बसवायचा, पण जुन्या सांध्यांच्याच पद्धतीने. छपरावर कॅनव्हास ताणायचे. रंगाचे आणि वार्निशचे हात एकावर एक, मध्ये घासणे, पुन्हा हात. अक्षरे हाताने रंगवायची. चाके नसतील तर एखाद्या नंतरच्या काळातल्या पार्सलच्या डब्याचा सांगाडा मिळवून, कापून, मापात बसवायचा. पगार नाही, उलट वर्गणी स्वतःच द्यायची.

हात लावता लावता या मंडळींना इतिहास सापडत जातो. डब्याखालून जाणारी ब्रेकची नळी पाहा. १८८९ मध्ये आयर्लंडमधील आर्मा येथे सहलीच्या गाडीचे सुटलेले डबे उतारावरून मागे घसरले आणि ८० माणसे मेली, त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी सर्व प्रवासी डब्यांना आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा झाला. धोक्याची साखळी पाहा. १८६४ मध्ये लंडनच्या गाडीत बंद कप्प्यात एका प्रवाशाचा खून झाला आणि प्रवाशाला गार्डपर्यंत हाक पोहोचवता आली पाहिजे, ही मागणी रेटली गेली. छतावरचा गॅसचा दिवा पाहा. १९१५ मध्ये क्विंटिन्सहिल येथे लाकडी, गॅसच्या दिव्यांची सैनिकी गाडी पेटली आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. आजच्या प्रवाशाची सुरक्षा कुणाच्या जिवाच्या मोलाने आली, याची नोंद डब्याच्या अंगावर आहे.

लाकूडही बोलते. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याकडील ग्रेट नॉर्दर्न आणि नंतरच्या एलएनईआर या कंपन्यांचे डबे वार्निश केलेल्या सागवानाचे असत. सेव्हर्न व्हॅली आणि नॉर्थ यॉर्कशायर मूर्स या वारसा रेल्वेंवर स्वयंसेवकांनी अशा सागवानी गाड्या पुन्हा उभ्या केल्या आहेत. उन्हात त्या मधासारख्या चमकतात. पण साग इंग्लंडात उगवत नाही. तो ब्रह्मदेशातून येई, आणि ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. इंग्लंडमधल्या त्या देखण्या डब्यात आपल्याकडचे जंगल आहे आणि ते तोडणाऱ्या, ओढणाऱ्या अनामिक मजुरांचा घामही आहे.

इथे या कामातला सर्वांत अवघड प्रश्न येतो. डबा परत आणायचा म्हणजे नेमका कोणत्या दिवसापर्यंत न्यायचा? कारखान्यातून नवा निघाला त्या दिवशीचा, की पुढे बदललेला? आणि जे सोयीचे नव्हते, अन्यायाचे होते, तेही परत आणायचे का? तिसऱ्या वर्गाच्या बाकावर आजच्या पाहुण्यांसाठी मऊ गादी टाकली तर पाहुणा खूश होईल, पण इतिहास खोटा ठरेल. जाणते कारागीर बाक कठीणच ठेवतात.

अमेरिकेत हा प्रश्न अधिक जळजळीत होऊन उभा राहिला. तिथे १८९२ मध्ये होमर प्लेसी या कृष्णवर्णीय गणल्या गेलेल्या माणसाने गोऱ्यांच्या डब्यात बसून कायद्याला आव्हान दिले आणि १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विरोधात निकाल देऊन विभक्त डब्यांवर शिक्कामोर्तब केले. आज वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहास संग्रहालयात सदर्न रेल्वेचा १२०० क्रमांकाचा डबा आहे. पुलमन कंपनीने तो १९२२ मध्ये बांधला, १९४० मध्ये विभक्त प्रवासासाठी बदलला. मध्ये भिंत, एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला काळे. काळ्यांच्या बाजूची स्वच्छतागृहे लहान. हा डबा नीट करणाऱ्यांनी ती भिंत काढली नाही. डबा इतका मोठा की २०१३ मध्ये तो क्रेनने आधी आत उतरवला आणि इमारत त्याच्याभोवती पूर्ण केली. भिंत काढून टाकली असती तर डबा सुंदर दिसला असता, पण त्याचे सांगणे संपले असते.

आता आपल्याकडे वळू. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात प्रिन्स ऑफ वेल्सचा १८७५ चा आणि म्हैसूरच्या महाराजांचा १८९९ चा सलून जपलेला आहे. ते जपायलाच हवेत. पण या देशाची रेल्वे चालली ती तिसऱ्या वर्गाच्या तिकिटावर. गांधीजींनी १९१७ मध्ये त्या वर्गाच्या हालांवर पुस्तिका लिहिली. १९७४ मध्ये तिसरा वर्ग नावापुरता संपला. आपल्या आजोबा-पणजोबांनी ट्रंक आणि वळकटी घेऊन ज्या बाकावर रात्री काढल्या, मुंबईच्या गिरण्यांत रोजी शोधायला कोकणातली, खानदेशातली, मराठवाड्यातली माणसे ज्या दारातून उतरली, त्या बाकाची आणि त्या दाराची आठवण राजांच्या सलूनइतक्याच निगुतीने जपली गेली पाहिजे. आपल्या देशात कारागिरांची वाण नाही. वाण आहे ती ही आपली गोष्ट आहे असे मानण्याची.

आणि जपायचे तर पूर्ण जपावे. इंग्रजी अमलात आपल्या स्थानकांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशी वेगळी व्यवस्था असे. तहान एक, विहीर बहुधा एक, घागरी मात्र दोन. उद्या कुणी त्या काळचे एखादे स्थानक, एखादा डबा प्रामाणिकपणे उभा करायला घेतला, तर गर्दी, धूर आणि चहाची किटली यांच्यासोबत ती पाटीही रंगवावी लागेल. ती लपवली तर आपल्या नातवंडांना वाटेल, आपण कायम एकाच घागरीतून पाणी प्यायलो. मग एकच घागर होण्यासाठी ज्यांनी आयुष्य घातले, त्यांची मेहनत त्यांना कशी कळणार?