शिकवलं होतं का?

‘वर्गात झालंच नव्हतं ते परीक्षेत आलं’ ही विद्यार्थ्याची तक्रार बहुतेक परीक्षेइतकीच जुनी असेल. पण कोर्टाने राज्य सरकारला तिचं उत्तर द्यायला लावलं ते अमेरिकेतल्या फ्लोरिडात. हायस्कूल संपवून बाहेर पडणाऱ्या मुलांना धड लिहितावाचता येत नाही, अशी ओरड १९७०च्या दशकात तिथे वाढली होती. १९७६ साली शिक्षणाच्या उत्तरदायित्वाचा कायदा आला आणि १९७८च्या दुरुस्तीने व्यवहारोपयोगी साक्षरतेची चाचणी पास झाल्याशिवाय डिप्लोमा नाही, असं ठरलं. चाचणीत कामं होती ती रोजच्या जगण्यातली : चेक आणि त्याचं काउंटरफॉइल बिनचूक भरणं, किमतींची तुलना करून स्वस्त काय ते ओळखणं. नापास झालेल्याच्या हाती डिप्लोमाऐवजी नुसता शाळा पूर्ण केल्याचा दाखला पडणार होता. तो मालकासमोर ठेवणं म्हणजे आपल्याला काय येत नाही हे स्वतःहून सांगणंच.

पहिल्या फेरीत काळ्या विद्यार्थ्यांपैकी ७८ टक्के नापास झाले, गोऱ्यांपैकी २५ टक्के. तीन संधींनंतरही काळ्यांमधलं प्रमाण सुमारे २० टक्के राहिलं, गोऱ्यांमधलं दोनाच्याही खाली आलं. त्यातून ‘डेब्रा पी. विरुद्ध टर्लिंग्टन’ हा खटला उभा राहिला. डेब्रा पी. ही तक्रारदार विद्यार्थिनी, राल्फ टर्लिंग्टन हे राज्याचे तेव्हाचे शिक्षण आयुक्त. १९७९ साली न्यायाधीश जॉर्ज कार यांनी दोन गोष्टींवर बोट ठेवलं. नव्या अटीनंतर पहिल्या तुकडीला तयारीला जेमतेम वर्षभर मिळालं होतं, आणि या तुकडीतली काळी मुलं पहिलीत गेली तेव्हा शाळा वर्णानुसार वेगळ्या होत्या. १९८२-८३पर्यंत चाचणीपायी डिप्लोमा अडवायला त्यांनी मनाई केली. १९८१ साली अपील न्यायालय आणखी पुढे गेलं. हजेरी राज्यानेच सक्तीची केली. मुलाने ती भरली, विषय पार केले, तर डिप्लोमाची अपेक्षा हा त्याचा हक्क होतो, मालमत्तेसारखा. तो काढून घ्यायचा तर जे विचारलं ते वर्गात शिकवलं होतं, हे राज्याने सिद्ध करावं. आराखड्यात असणं वेगळं आणि वर्गात प्रत्यक्ष शिकवलं जाणं वेगळं, हा भेद कायद्याचे अभ्यासक मर्ल मॅक्लंग यांनी त्याच सुमारास मांडला होता. माझ्या मते या सगळ्या वादाचा गाभा तोच आहे, कारण छापील अभ्यासक्रम सगळ्यांना सारखा असतो, शिक्षक आणि वर्ग मात्र सारखे नसतात.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. सरसकट वाटलेल्या डिप्लोमाला किंमत उरत नाही, आणि त्याचा फटका गरीब मुलालाच आधी बसतो. हे खरं आहे. पण न्यायालयाने चाचणी बंद केली नव्हती. मागे पडलेली मुलं हेरून त्यांना जादा शिकवायला ती वापरता येत होती. अडवली होती ती शिक्षा. दुसरा आक्षेप असा, की शेवटी राज्यच जिंकलं, मग या नियमाने साधलं काय? १९८३ साली कनिष्ठ न्यायालयाने आणि १९८४ साली अपील न्यायालयाने चाचणी वैध ठरवली, हे खरं. शिक्षकांच्या प्रश्नावल्यांवर तिथे बरीच भिस्त होती, आणि तो पुरावा मला लंगडा वाटतो. ‘मी हे शिकवलं नाही’ असं कोण शिक्षक लिहून देईल? तरीही मधल्या चार वर्षांत ओझं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेलं होतं. १९७९ला न येण्याचा दोष मुलाच्या माथी होता. १९८३ला राज्याला जिल्ह्याजिल्ह्यांतून अहवाल मागवावे लागले, शाळांमध्ये माणसं पाठवावी लागली, आणि खुद्द मुलांना विचारावं लागलं : हे तुम्हाला वर्गात शिकवलं होतं का?