संस्था कोणाची?

आपल्या समाजाच्या शिक्षणाची चर्चा निघाली की इमारत, अनुदान आणि पटसंख्या यांवर भरपूर बोलले जाते. संस्था चालवणारे मंडळ कसे बनले, यावर मात्र कोणी बोलत नाही. आम्हीही बोललो नव्हतो. बोलण्याची वेळ आली तेव्हा जीभ अडखळली.

वाशीममधील आम्ही काही उर्दू शाळांचे शिक्षक एक वाचनालय उभे करण्याच्या खटपटीत आहोत. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे किमान सात माणसे लागतात. सहा नावे चहा संपण्याआधी ठरली. सातव्या नावावर बैठक अडली. आमच्यातील एका बुजुर्गांनी आपल्या चिरंजीवांचे नाव सुचवले. मुलगा शिकलेला, सालस. "हरकत काय?" असे त्यांनी विचारले. आम्हाला उत्तर देता आले नाही. ते शोधण्यासाठी आम्ही इतिहासाकडे वळलो.

हाच प्रश्न अलीगढला १८८९ मध्ये उभा राहिला होता. तेथील मदरसा १८७५ मध्ये सुरू झाला, तेव्हा सर सय्यद अहमद खान नोकरीनिमित्त बनारसला होते. अलीगढला राहून प्रत्यक्ष काम उभे केले ते मौलवी समीउल्ला खान यांनी. पुढे कॉलेज वाढले आणि कारभारासाठी विश्वस्त मंडळ नेमण्याचा मसुदा तयार झाला. त्यात आपल्यामागे चिटणीसपद आपले चिरंजीव सय्यद महमूद यांच्याकडे जावे, अशी तरतूद सर सय्यद यांनी केली. महमूद काही सामान्य गृहस्थ नव्हते. अलाहाबाद हायकोर्टाचे ते न्यायाधीश होते. केंब्रिजच्या धर्तीवर कॉलेजचा आराखडा १८७३ मध्ये त्यांनीच मांडला होता. तरीही समीउल्ला खान यांनी विरोध केला. मसुदा मंजूर झाला आणि ते साथीदारांसह बाजूला झाले.

यात नुकसान कोणाचे झाले? १८९५ मध्ये कॉलेजच्या हेडक्लार्कने केलेली एक लाखाहून अधिक रुपयांची अफरातफर उघडकीस आली. हिशेब विचारणारी माणसे दूर गेली की असे घडायला वाव मिळतो. १८९८ मध्ये सर सय्यद यांचे निधन झाले. पद मुलाकडे गेले, पण तोवर महमूद यांची प्रकृती आणि सवयी ढासळल्या होत्या. १८९९ मध्ये विश्वस्तांना त्यांच्या जागी नवाब मोहसिन-उल-मुल्क यांना आणावे लागले. कॉलेज सावरले आणि १९२० मध्ये त्याचे विद्यापीठ झाले. सर सय्यद यांच्या उपकारांखाली आपण सारे आहोत. म्हणूनच त्यांची ही एक चूक नीट समजून घ्यायला हवी.

आता मुंबईकडे पाहू. अंजुमन-ए-इस्लामची स्थापना १८७४ ची. पहिले अध्यक्ष कमरुद्दीन तय्यबजी आणि सचिव त्यांचे धाकटे बंधू बॅरिस्टर बद्रुद्दीन. म्हणजे दोन मोठी पदे एकाच घरात! पुढेही तय्यबजी घराण्यातील माणसे अंजुमनमध्ये राहिली. मग फरक कोठे पडला? तय्यबजी सुलेमानी बोहरा. त्यांच्या बरोबरीने संस्थापकांत नाखुदा मुहम्मद अली रोगे होते, ते कोकणी सुन्नी. मुन्शी गुलाम मुहम्मद यांच्यासारखे शिक्षणासाठी तळमळणारे कार्यकर्तेही होते. जमात वेगळी, धंदा वेगळा, ओळखीपाळखी वेगळ्या. अशा मंडळात एका घराचा शब्द वजनदार असेल. पण तो एकटाच नसतो. १८८० मध्ये १२० विद्यार्थी आणि ३ शिक्षकांवर शाळा उघडली. १८९३ मध्ये बोरीबंदरसमोर तिची स्वतःची भव्य इमारत झाली.

यावरून आम्हाला एवढे कळले की घरातला माणूस असणे हा दोष नव्हे. त्याला हिशेब विचारणारा घराबाहेरचा माणूस शेजारी नसणे, हा दोष आहे.

आणि खरे उत्तर तर आपल्याकडे तेराशेहून अधिक वर्षांपासून आहे. कुरआनातील ४२ व्या सूरेचे नावच 'शूरा', म्हणजे सल्लामसलत. इ.स. ६४४ मध्ये हजरत उमर (रजि.) मृत्युशय्येवर होते. वारस निवडण्यासाठी त्यांनी सहा सहाबांची समिती नेमली. आपले पुत्र अब्दुल्ला यांना त्यांनी सल्ल्यासाठी बसण्याची मुभा दिली, पण पद त्यांच्याकडे जाणार नाही हेही स्पष्ट केले. अब्दुल्ला इब्न उमर इल्म आणि तकवा यांत कोणाहून कमी नव्हते. प्रश्न लायकीचा नव्हताच.

आपल्याकडे काय होते? वडील सदर, मुलगा सेक्रेटरी, जावई खजिनदार. मग एक दिवस दुसरी कमिटी उभी राहते. विश्वस्त बदलल्याची माहिती नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला द्यायची असते. तेथे दोन्ही बाजूंचे चेंज रिपोर्ट दाखल होतात. पगारबिलावर सही कोणाची, यावर भांडण होते. आम्ही स्वतः अशा एका वादात पगाराविना महिने काढले आहेत. ईदला मुलांना नवे कपडे घेता आले नाहीत, ते अजून विसरलो नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही हा सारा इतिहास मांडला. बुजुर्ग गप्प राहिले. त्यानंतरच्या दोन बैठकांना आले नाहीत. तिसऱ्या बैठकीला आले आणि म्हणाले, "मुलगा सल्लागार समितीत बसेल. सहीचा अधिकार नको." सातवी जागा आम्ही एका निवृत्त मुअल्लिमांना दिली. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्याकडे चहाच्या खर्चाची पावती मागितली.

आम्हाला वाटते, संस्था त्या दिवशी स्थापन झाली.